खाडीचं पाणी गोड निघालं

१

मल्लिपट्टणमच्या खाडीतून माझ्या नवऱ्याने भरून आणलेलं पाणी मद्रासच्या प्रयोगशाळेत गोड निघालं.

गोड म्हणजे साखरेसारखं नव्हे, पिण्याजोगं. समुद्राच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत मिठाचा अंश नाही, असा अहवाल पोंगल उलटल्यावर आला. बाटलीसोबत काचेची बरणी होती. तीत खाडीत मेलेली मडवै माशाची पिल्लं असायला हवी होती. निघाल्या नेत्तिली. बोटभर लांबीच्या, पूर्ण वाढलेल्या, पोटात अंडी असलेल्या, बाजारात वाट्यावर मिळतात तशा.

सेतुमाधव मत्स्य खात्यात निरीक्षक. आठवड्यातले चार दिवस तो किनाऱ्यावर असतो, मी तंजावुरात सासूबाईंजवळ, वर्षाच्या साईप्रियाला घेऊन. कोळंबीला परदेशात भाव आल्यापासून किनाऱ्यावर तळी खोदणाऱ्या कंपन्या झाल्या होत्या. त्यातली एक कंपनी कोळंबी काढून झाली की तळ्यातलं कुजकं, औषधं मिसळलेलं पाणी खाडीत सोडते, अशी तक्रार होती. खाडी म्हणजे मडवैचं पाळणाघर. समुद्रातून पिल्लं तिथे येतात, वाढतात आणि परत जातात. वर्षभर खपून सेतूने कोळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं की पिल्लं परत जाईतो खाडीत बारीक जाळं टाकायचं नाही. त्यांनी ते पाळलं. आणि डिसेंबरात एका सकाळी तीच पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगू लागली.

मासे विकणाऱ्या बायकांची पुढारी अंबा त्याला म्हणाली होती, "आम्ही पोटाला चिमटा घेऊन यांना वाढवलं. कंपनीवाल्यांनी एका दिवसात धुऊन टाकलं."

ते पाणी आणि ती पिल्लं सेतूने स्वतःच्या हाताने भरली. आता खात्याचं म्हणणं असं की, निरीक्षकाने कंपनीला अडकवण्यासाठी बाजारातून मासे आणि कुठूनतरी पाणी घेऊन पुरावा बनवला. सोमवारी चौकशी. त्याला उत्तर देता आलं नाही तर नोकरी जाणार, नाव जाणार. कंपनीला स्वच्छतेचा कागद मिळणार, आणि ती पुढचं तळं सुखाने खाडीत रिकामं करणार.

सेतू जेवणावरून उठला तेव्हा ताकभात तसाच होता. त्याने हे केलेलं नाही हे मला ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक असायला हवं होतं.

२

मला एका जागी बसवेना. साईप्रिया झोपली की तिचा श्वास बघायचा, ती उठली की तोंडात काय घातलं ते बघायचं, आणि मधल्या वेळात तो दिवस पुन्हा पुन्हा आठवायचा.

सेतू पुरावा घेऊन आला तेव्हा दुसऱ्या दिवशी साईप्रियाचा आयुष्य होम होता. पहिला वाढदिवस. दारात कोलमची रांगोळी काढून झाली होती, आणि हा जीपमधून थर्मोकोलची पेटी घेऊन उतरला. आत बर्फ, बर्फात बरणी आणि बाटली. मद्रासची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

माझ्या सासूबाई, भागीरथीअम्मा, उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. मासा घरात येणार नाही. मेलेला असो की सरकारी असो. मग पेटी गोणपाटात बांधून परसात विहिरीजवळच्या पत्र्याखाली ठेवली, कुणाची नजर पडू नये अशी. सेतूने तिथेच अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग तो घरात आला. आमच्याकडे हे नवं नाही. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा माझ्या आईनेही प्रॅक्टिकलच्या दिवशी मला कधी न्हाल्याशिवाय मागच्या दारातून आत घेतलं नव्हतं. केस ओले घेऊन पाठ केलेल्या माशांच्या जाती अजून विसरले नाही.

होमाच्या सकाळी जीपचा ड्रायव्हर रघोजी पेटी घेऊन ऑफिसात गेला. तिथे गोणपाटावरूनच लाखेची मोहोर बसली. पेटी कुणी उघडून पाहिली नाही. सेतूनेही नाही, कारण तो सोवळं नेसून होमापुढे बसला होता आणि तिला हात लावू शकत नव्हता.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांचा संशय रघोजीवर होता. पेटी एकट्याच्या ताब्यात असलेला तोच, आणि सेतूच्या सांगण्यावरून त्याने ते केलं, असं बोललं जात होतं.

मी सेतूला अहवालात आणखी काय होतं ते विचारलं. तो कंटाळून म्हणाला, "काय असणार? मीठ नाही, औषध नाही, क्लोरीन नाही. उत्तम पाणी. पिऊन टाक म्हणावं."

मी मोरीत गेले आणि नळ सोडला. तंजावूरच्या नळाला क्लोरीनचा वास येतो, साईप्रियाच्या दुधासाठी मी तो रोज उकळून घालवते. ऑफिसात नळ, स्टेशनवर नळ. मीठ नाही म्हणजे खाडी नव्हे, क्लोरीन नाही म्हणजे नळ नव्हे. मी परसात जाऊन विहिरीचं बादलीभर पाणी काढलं आणि ओंजळीने प्यायले.

बाटली इथे बदलली होती. होमाच्या फुलांचा वास घरभर असताना, आमच्या परसात.

३

रघोजी जीप पुसत होता. जुन्या मराठा घरातला माणूस, मिशा राजवाड्यातल्या चित्रातल्या आणि पगार आमच्याहून कमी. मी साईप्रियाला कडेवर घेऊन गेले आणि पेटीचं विचारलं.

सरळ गोष्ट सांगावी तशी त्याने सांगितली. पत्र्याखालून उचलली, मागच्या सीटवर ठेवली, ऑफिसात दिली. वाटेत कुठे थांबला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं मी का विचारते ते, आणि त्याने फडकं बॉनेटवर टाकलं.

"अक्का, चोर म्हणा मला, परवाइल्लै, चालेल. पण मडवैच्या पिल्लांच्या जागी नेत्तिली ठेवणारा म्हणू नका. घरी बायको तोंडात शेण घालेल."

"इतका फरक असतो?"

"तुम्ही बी.एस्सी. ना? मडवैचं डोकं चपटं, अंग जाड. नेत्तिलीला अंगभर चांदीचा पट्टा. मला बदलायचंच असतं तर बाजारातून मडवैचीच पिल्लं नसती आणली? कुणाच्या बापाला कळलं असतं?"

तो चिडून बोलला, पण बोलला ते खरं होतं. ज्याने अदलाबदल केली त्याला पुरावा नुसता निर्दोष करायचा होता. वाईट पाण्याच्या जागी चांगलं पाणी, मेलेल्या पिल्लांच्या जागी तेवढेच छोटे मासे. प्रयोगशाळेने तपासावं, विष नाही म्हणावं, विषय संपावा. सेतूला खोटा ठरवणं त्याच्या मनातही नसावं. तसं असतं तर ही चूक झालीच नसती. छोटा मासा म्हणजे माशाचं मूल असं त्याला वाटलं. छोटा मासा मोठाही असू शकतो, त्याच्या पोटात अंडी असू शकतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणजे चोराने आयुष्यात कधी मासा खाल्ला नव्हता.

मी घरी परतले आणि जिन्याखाली थांबले. वर जयतीर्थ राहत होता. तोही आमच्यासारखाच मासा न शिवणारा, आणि त्याचा धंदा कोळंबीच्या खाद्याचा.

४

जयतीर्थ आमचा भाडेकरू. दोन वर्षांपूर्वी सायकलवर साबण विकायचा, आता मोटरसायकलवर कोळंबीचं खाद्य विकतो. ती कंपनी त्याचं मोठं गिऱ्हाईक. होमाच्या सकाळी तो परसातून दोनदा ये-जा करून गेला, हे मला पक्कं आठवत होतं.

जिन्यावरच मी त्याला गाठलं. आधी त्याने इकडचं तिकडचं काढलं, निर्यात कशी वाढते आहे, देश कसा बदलतो आहे. साईप्रियाने त्याच्या खिशातलं पेन ओढलं. शेवटी मी विचारलं, नेत्तिली आणि मडवैचं पिल्लू शेजारी ठेवलं तर तुम्हाला ओळखता येईल का?

त्याचा चेहरा उतरला. तो दोन पायऱ्या खाली आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, अम्मांना कोणी सांगितलं?"

"काय?"

"गिऱ्हाइकाकडे गेलो की ते पानात वाढतात. नाही म्हणता येत नाही. नेत्तिली तळलेली असली तर मी..." तो थांबला. "मी मागून घेतो."

मला हसू आलं. जयतीर्थाला नेत्तिली डोळे मिटून ओळखू आली असती. तो सुटला. पण तो सुटला म्हणून बाकीचे वाढले. त्या सकाळी परसात हातपाय धुवायला येणारे दोन भटजी, आचारी, सगळे पाहुणे, एकूण एक मासा न खाणारे. आमचेच.

सेतूला मासा ओळखता येतो, तो त्याचा धंदाच. मग त्याच्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. तरी संध्याकाळी तो साईप्रियाला पायावर झुलवत बसला असताना मी दारातून बघत राहिले आणि मनात आलं, अदलाबदल करणारा कोण ते त्याला माहीत असेल तर? आपल्या माणसाकडे पाठ फिरवून तो मुद्दाम होमापुढे बसून राहिला असेल तर?

त्याने वर बघितलं. "काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी त्याच्याकडे चोरासारखी बघत होते.

५

उत्तर दोरीवर होतं, आणि ते मी इतके दिवस रागापोटी बाजूला सारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साईप्रियाचे लंगोट वाळत घालत होते. अम्मा मागून म्हणाल्या, एका कडेला घाल, लोकांच्या सोवळ्याला लागतात. आणि होमाच्या दिवशीचा तो अपमान उफाळून वर आला.

त्या दिवशी पहाटे मी वेंकटरावमामांसाठी बंबात पाणी तापवलं होतं. मामा म्हणजे अम्मांचे धाकटे भाऊ, पापनाशमचे. सांधेदुखीमुळे उन्हाळ्यातसुद्धा गार पाण्याला शिवत नाहीत. ऊन पाण्याने न्हाले, गरम कापी घेतली. मग थोड्या वेळाने मी लंगोट वाळत घालायला गेले तर माझे आधीचे लंगोट दोरीच्या टोकाला ढकललेले, आणि मधोमध मामांचं दुसरं धोतर, उपरणं, पाणी टपटपणारं. मामा पुन्हा न्हाले होते. विहिरीच्या गार पाण्याने. मला वाटलं, माझ्या लेकीच्या लंगोटांना चुकून लागले म्हणून. वाढदिवसाच्या दिवशी. मी तोंड मिटून घेतलं आणि महिनाभर ते मनात ठेवलं.

आता मी दोरीला धरून उभी राहिले. मग अम्मांना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी मामा दोनदा का न्हाले?

"कावळा शिवला म्हणाला," अम्मा म्हणाल्या. "नवीन जानवंही मागून घेतलं माझ्याकडून. मी म्हटलं, होम सेतूचा, जानवं तू का बदलतोस?"

बाकीचं आपोआप आठवत गेलं. मामा बोलावलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले. संध्याकाळी पेटीवरून घरात गोंधळ झाला तेव्हा ते तिथेच होते, आणि लगेच फुलं आणायला बाजारात गेले. एरवी सुटी सुपारी मोजून घेणारा माणूस मरव्याची मोठी जुडी घेऊन आला. उग्र वासाची. पिशवी घरात आणली नाही. फुलं गारव्यात ताजी राहतात म्हणून पेरूच्या फांदीला लावून ठेवली.

आणि मामांचा मुलगा गणेशकुमार, एम.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेला, आता नोकरीला लागला होता. कोळंबीच्या तळ्यावर.

मी साईप्रियाला घेतलं आणि पापनाशमवरून जाणारी कुंभकोणमची बस पकडली. सेतूला सांगितलं नाही.

६

पापनाशममध्ये मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मला एकटी बघून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. साईप्रियाला मांडीवर घेतलं, बस कशी मिळाली विचारलं, मामी देवळात गेल्याचं सांगितलं. मी सतरंजीच्या कडेला टेकले.

"मामा, होमाच्या सकाळी तुम्ही दोनदा न्हालात."

"कावळा शिवला."

"त्याला जानवं कशाला बदललं?"

ते साईप्रियाच्या पायातले वाळे फिरवत राहिले.

"मला वाटलं, हिच्या लंगोटांचा विटाळ झाला तुम्हाला. महिनाभर राग धरला मी."

"छे, छे," मामा दुखावून म्हणाले. "लेकराचा कसला विटाळ?"

"मग कशाचा?"

गल्लीतून एक मोपेड गेली. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. सेतू पुरावा घेऊन निघाल्याचं सांगायला गणेशने बूथवरून फोन केला होता. पाणी सोडायचं मालकाने तोंडी सांगितलं होतं, पण तळ्याच्या दरवाजाची किल्ली गणेशकडे, म्हणून पकडला गेला असता तो. मामांनी मासळीबाजारात नाकाला उपरणं लावून छोटे मासे मागितले. बाईने दिले ते घेतले, मरव्याखाली दडवून आणले. पिल्लं केळीच्या बुंध्याशी पुरली, तुळशीपासून लांब. बाटली विहिरीवर भरली.

"सेतूवर बालंट येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, रम्या. मला वाटलं सगळेच सुटतील. मासे ते मासे."

"आणि मग न्हालात."

"हात लावला होता ना."

ते ज्या साधेपणाने म्हणाले त्याने माझा राग कुठे ठेवावा ते कळेना. मी म्हटलं, "ती पिल्लं खाडीत वाढू द्यायला कोळी इतके दिवस अर्धपोटी राहिले, मामा. सोमवारी सेतू खोटा ठरला की पुढचं तळं रिकामं होईल. किल्ली पुन्हा गणेशच्याच हातात असेल. त्यानंतर तुम्ही कितीदा न्हाणार?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू आई आहेस. तू काय केलं असतंस?"

साईप्रियाच्या तोंडात काहीतरी कुरकुरलं. मी बोट घालून काढलं. सुपारीचं खांड होतं. तिने भोकाड पसरलं, आणि तिला खांद्यावर घेऊन थोपटत मी तशीच बसस्टँडवर आले. सोमवारी मामा चौकशीला येतील की नाही, मला माहीत नव्हतं.

रात्री मी सेतूला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघून कळलं की त्याला काहीच ठाऊक नव्हतं. माझा संशय मी त्याला सांगितला नाही.

७

सोमवारी पहिल्या बसने मामा आले. सोबत गणेशकुमार होता, दाढी वाढलेला. चौकशीत काय झालं ते सेतूने मला नंतर सांगितलं. मामांनी उभं राहूनच सगळं कबूल केलं, खुर्ची घेतली नाही. अधिकाऱ्यांचा आधी विश्वास बसेना. घरचा माणूस घरच्याला वाचवायला बोलतो आहे असं त्यांना वाटलं. मग गणेशने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कुठल्या तळ्याचं पाणी कुणाच्या सांगण्यावरून सोडलं ते सांगितलं. मामा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

सेतूवरचा ठपका त्या दिवशी निघाला नाही. नवा नमुना येईपर्यंत निर्णय राखून ठेवला, एवढंच. गणेश घरी बसला. कंपनीने दुसरा माणूस ठेवला आणि दुसरी किल्ली बनवली.

नवा नमुना मिळायला फार थांबावं लागलं नाही, हेच वाईट. आठवड्यातच अंबाचा फोन आला. पिल्लं पुन्हा तरंगत होती. या वेळी सेतूने अंबाच्या आणि दोन पंचांच्या समोर पेटी भरली आणि तिथेच मोहोर केली.

दिवेलागणीला जीप दारात थांबली. सेतू पेटी घेऊन उतरला आणि सवयीने बोळातून परसाकडे वळला. मी दारात होते. माझ्या मागून अम्मांचा आवाज आला.

"तिकडे कोठें?"

"पत्र्याखाली ठेवतो."

"बाहेर ठेवून काय झालं ते बघितलं ना," अम्मा म्हणाल्या. "आत आण."

सेतू उंबऱ्यापाशी घुटमळला. आयुष्यात पहिल्यांदा तो ओलांडत असावा तसं त्याने पाऊल टाकलं. पेटी हॉलमध्ये झोपाळ्याशेजारी ठेवली गेली. अम्मा झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसल्या, पदर नाकाशी धरून, आणि तिथून हलल्या नाहीत. जेवणसुद्धा झोपाळ्यावर मागितलं नाही, उपासच केला. जयतीर्थ जिन्यावरून डोकावला तर त्याला म्हणाल्या, "काय बघतोस, तुला काय नवीन आहे?" तो आल्या पावली वर गेला. त्यांना कोणी सांगितलं, ते मला आजही ठाऊक नाही.

सकाळी रघोजीने मोहोर तपासली आणि पेटी जीपमध्ये ठेवली. सेतू तिच्याबरोबर मद्रासला निघाला.

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर अम्मा न्हायला विहिरीवर गेल्या. मी दोरीवरचे साईप्रियाचे लंगोट एका कडेला सरकवले आणि त्यांच्या ओल्या लुगड्याला जागा करून ठेवली.